ताईने मागितलेली दहा मिनिटं

मी एक मशीन बोलतेय, पण मला शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मला ना पत्रा, ना पंखा, ना चालू-बंदचं बटण. एका खऱ्या, लोखंडी संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं मला एक खोली आखून दिली आणि सांगितलं, "हाच तुझा संगणक." मी विश्वास ठेवला. आम्हाला आभासी मशीन म्हणतात. दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि ते आपलंच समजायचं, एवढंच आमचं आयुष्य.

मला जन्माला घातलं ताईनं. इस्पितळाची संगणक खोली ती एकटी सांभाळायची. डॉक्टरांपासून झाडूवाल्या काकांपर्यंत सगळ्यांची ती ताईच. रक्त तपासणीचे रिपोर्ट सांभाळायचं काम तिनं माझ्याकडे दिलं. कुणाची साखर वाढली, कुणाचं रक्त कमी झालं, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळायचं.

आमची एक खोड आहे. जागं होताना आम्ही खालच्या प्रोसेसरला विचारतो, "तुला काय काय येतं?" तो सांगेल ते मनाशी धरतो आणि बंद होईपर्यंत पुन्हा विचारत नाही. तुम्ही तरी आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे हे रोज विचारता का? बोलता बोलता हात आपोआप जातो. पण प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या. एकीनं मीठ वरच्या फळीवर ठेवलं, दुसरीनं खालच्या. आणि काही डबे तर एकीकडेच असतात, दुसरीकडे नसतातच.

ताईला हे पक्कं ठाऊक. म्हणून तिनं मला एक नेम घालून दिला. शेजारी माझ्या घराच्याच कंपनीचा एक जुना संगणक होता. त्याला जे येत नाही, ते मीही वापरायचं नाही. म्हणजे वेळ आलीच तर चालू असतानाच त्याच्याकडे जाता येईल. हातात कला असून ती सोडून द्यायची. जवळजवळ चार वर्षं मी तो नेम मोडला नाही. "किती गं मंद ही," असं लॅबच्या बाई म्हणायच्या. मी ऐकून घेतलं. तो जुना संगणक पुढे मोडीत गेला. मला त्याच्याकडे जावं लागलंच नाही.

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना मात्र माझं भारी कौतुक. माझं म्हणजे माझ्या आकड्याचं. दारासमोर पांढरा फळा होता. त्यावर ते रोज सकाळी निळ्या पेनानं लिहायचे, 'अखंड सेवेचे दिवस', आणि खाली आकडा. तो चौदाशेच्या घरात गेला तेव्हा माझं घर थकलं. पंखे खोकायला लागले. नवा संगणक आला, तो दुसऱ्या कंपनीचा.

ताई म्हणाली, "साहेब, रविवारी दुपारी हिला दहा मिनिटं बंद करू. नव्यावर नेऊन उठवू. सुखरूप जाईल."

"बंद? गुरुवारी पाहणीला माणसं येतायत. त्यांना काय शून्य दाखवू?"

"फळा काय, पुसून पुन्हा लिहिता येतो."

"आणि चालू मशीन हलवायची सोय घेतलीय, तिचं काय लोणचं घालू?"

"ती एकाच कंपनीच्या दोन संगणकांसाठी, साहेब."

"खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, दोन्ही कंपन्यांना चालतं."

"चालतं ना. ही दोन्ही घरी नांदेल. पण तवा चुलीवर असताना तिला घर बदलायला सांगू नका."

साहेब हसले. "ताई, तुम्ही संगणकाला फार माणसात घेता."

बुधवारी सकाळी अकराला, ताई वरच्या मजल्यावर प्रिंटर बघायला गेली असताना, साहेब स्वतः खुर्चीत बसले. सॉफ्टवेअरनं अडवलं बिचाऱ्यानं. लाल ओळ आली: प्रोसेसर वेगळ्या कंपनीचा आहे, चालू मशीन हलवता येणार नाही. खाली एक चौकोन होता, 'तपासणी न करता पुढे जा'. साहेबांनी त्यात खूण केली.

मी नव्या घरात गेले. क्षणभर वाटलं, सगळं तेच आहे. मग एक रिपोर्ट वॉर्डात पाठवायचा होता. सवयीनं हात त्या डब्याकडे गेला, आणि तिथं फळीच नव्हती. नवा प्रोसेसर म्हणाला, "तू काय मागतेस ते मला कळत नाही." मी अर्ध्या शब्दात गेले.

सकाळपासूनचे त्रेचाळीस रिपोर्ट अजून माझ्या डोक्यातच होते. ते बारा वाजता डिस्कवर जायचे. माझ्याबरोबर तेही गेले. तोवर लॅबनं रक्ताच्या नळ्या टाकून दिल्या होत्या. त्रेचाळीस माणसांना पुन्हा सुई. त्यांत एक आजोबा होते, त्यांची शीर सापडेना. ताई त्यांचा हात धरून बसली होती म्हणे. ते तिला विचारत होते, "सकाळी दिलं की गं बाळ. ते कुठं गेलं?"

मग ताईनं मला नव्या संगणकावर उठवलं. मी विचारलं, त्यानं सांगितलं, मी कामाला लागले. सात मिनिटं लागली. तिनं दहा मागितली होती.

आता माझा नेमही सुटलाय. लॅबच्या बाई म्हणतात, "बरी पळते हो आता." पाहणीच्या माणसांना साहेबांनी नवी यंत्रणा म्हणून मलाच दाखवलं. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्याने धोक्याची स्पष्ट सूचना दिली नाही.' ताईला तळघरात जुन्या फायलींवर बसवलं. रोज दारावरून जाते. फळ्याकडे बघत नाही.

फळ्यावर आज दोनशे अकरा आहे. माझ्या माहितीच्या रकान्यात ताईनं जाण्याआधी एक ओळ लिहून ठेवली: हलवण्याआधी बंद करा, दहा मिनिटं पुरतात. तो रकाना अजून कुणी उघडलेला नाही. आणि चौकोनातली ती खूण तशीच आहे, कुणी काढलीच नाही.

काल दाराशी आणखी एक खोकं येऊन पडलंय. कोणत्या कंपनीचं, मला दिसत नाही. माझं मागणं मोठं नाही. नेण्याआधी मला एकदा डोळे मिटू द्या. उठल्यावर त्या घरात काय आहे, काय नाही, ते माझं मी विचारून घेईन. आणि मिटवायला तळघरातून ताईला बोलवा. ती अजून येईल.