टपावरची वर्तुळं

जो माणूस स्वतःचं जेवलेलं ताट कधी उचलत नाही, तो गाडीचा टप पुसायला लागला की कुठेतरी पाणी मुरतंय असं खुशाल समजावं. आमचे हे रविवारी नेहमीसारखे थोरल्या भावाकडून बुद्धिबळ खेळून आले, गाडी लावली आणि वर यायच्या आधी टपावरून ओला फडका फिरवला. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. सगळी गाडी धुळीने माखलेली आणि टप तेवढा लखलखीत.

"कबुतरं फार झालीत," वर आल्या आल्या हे म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला असते. शर्ट टेबलावर आला की उजेडाकडे धरायचा, शिवण ताणून बघायची, सुटलेला टाका किंवा तेलाचा ठिपका दिसला की बाजूला टाकायचा. दोष शोधायचा मला पगार मिळतो. पगार नसता तरी मी ते काम हौसेने केलं असतं, असं हे म्हणतात, आणि त्यात फारसं खोटं नाही.

कचरा टाकायचं निमित्त करून मी खाली गेले. टप स्वच्छ होता, पण मागच्या काचेवर ह्यांचा फडका पोचला नव्हता. तिथे धुळीत बशीएवढं एक गोल वर्तुळ उमटलं होतं, आतून चकचकीत. ते वर्तुळ कशाचं हे मला लगेच कळलं.

सायकल गाडीवरून न्यायचा तो रॅक आमच्या लेकीने ह्यांना वाढदिवसाला दिला होता. त्याला नट नाही, बोल्ट नाही. टप ओल्या फडक्याने पुसायचा, त्यावर रबरी वाट्या ठेवायच्या आणि प्रत्येक वाटीचा छोटा पंप आतली हवा निघेपर्यंत दाबायचा. मग सायकलचं पुढचं चाक काढून ती वर चिमट्यात अडकवायची आणि मागचं चाक काचेवरच्या वाटीला पट्ट्याने बांधायचं. वाटीत हवा शिरली की पंपावर लाल रेघ दिसते. मला ती वस्तू पहिल्या दिवसापासून खटकली होती. एक तर सायकल हवेच्या भरवशावर टपावर बसते, आणि दुसरं म्हणजे रॅक काढून ठेवला की मागे काही राहत नाही. नवऱ्यांना खोटं बोलायची सोय व्हावी म्हणूनच कुणीतरी तो बनवला असावा.

मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं आणि हृदयात स्टेंट बसवावा लागला. काही महिन्यांनी तपासणी होती, तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही म्हणून लेक ह्यांच्याबरोबर गेली. संध्याकाळी मी घरी आले तर हे खुर्चीत बसून होते. "संपलं. सायकल आता कायमची बंद," एवढंच म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सायकल आणि रॅक त्यांनी आपल्या सायकलवाल्या टोळीतल्या मित्राला, ज्याला सगळे दाढी म्हणतात, देऊन टाकले. मी तोंड पाडलं, पण मनातून सुटले होते.

आणि आता हे वर्तुळ. म्हणजे डॉक्टरांनी बंदी घातलेली असताना हा माणूस चोरून सायकल चालवतो आहे. एखाद्या रविवारी कुठल्यातरी चढावर कोसळेल आणि फोन मला येईल.

मी लगेच आरडाओरडा केला नाही. सुटलेला एक टाका दिसला की अख्खी शिवण तपासायची, ही आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊबाईंना फोन लावला.

"भावोजींचा डाव कुणी जिंकला काल?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कसला डाव? तुझा नवरा आमच्याकडे फिरकलाय कधी? आम्ही म्हटलं, मोठी माणसं विसरली आम्हाला!"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. मग हे आंघोळीला गेल्यावर गाडीची डिकी उघडली. एका कोपऱ्यात ह्यांच्या चष्म्याच्या दुकानातला भिंगं पुसायचा मऊ फडका होता, ओलसर. आणि त्याच्याखाली केसांना लावायचं गुलाबी रबर.

माझे केस आखूड आहेत. मी ते रबर मुठीत घेऊन वर आले. आतापर्यंत मला त्यांच्या जिवाची भीती होती. आता एक वेगळीच पाल मनात चुकचुकली, आणि लाज वाटते सांगायला, पण ह्या दुसऱ्या शंकेने मला जास्त राग आला. माणूस मरायलाही तयार आहे, पण एकटा नाही!

आठवडाभर मी मूग गिळून बसले. वरण पातळ झालं तरी हे तारीफ करत होते, त्यामुळे संशय आणखी वाढला.

रविवारी हे निघाले तशी मी टॅक्सी केली. "त्या निळ्या गाडीच्या मागे," म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"घरचेच आहेत का, मावशी?"

"अजून तरी आहेत," मी म्हणाले.

गाडी दाढीच्या घरापाशी थांबली. घरात कुणी दिसलं नाही. ह्यांनी खिशातल्या किल्लीने गॅरेज उघडलं, सायकल आणि रॅक बाहेर आणला. टप पुसला, वाट्या बसवल्या, एकेक पंप दाबून वाकून लाल रेघ बघितली. पुढचं चाक काढून डिकीत ठेवलं आणि सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. मी टॅक्सीत ओढणी तोंडात धरली. स्टेंट बसवलेला माणूस असं वजन उचलतो का? धावत जाऊन हिसकावून घ्यावी असं वाटलं. पण मला ती गुलाबी रबरवाली बघायची होती.

गाडी पुढे तळ्यापाशी गेली. तिथे टोळी जमली होती. सगळे ह्यांच्याच वयाचे, टक्कल पडलेले, घट्ट कपड्यांत पोटं कोंबलेले पुरुष. बाई औषधालाही नव्हती. ह्यांनी सायकल उतरवली, चाक बसवलं, हेल्मेट घातलं. हसणं झालं, टाळ्या झाल्या. मग सगळे घाटाच्या रस्त्याला लागले आणि ह्यांनी हात हलवून "तुम्ही व्हा पुढे" अशी खूण केली.

मी टॅक्सी सोडली आणि एका झाडाआड उभी राहिले.

ह्यांनी पॅडलवर पाय ठेवला. काढला. इकडेतिकडे पाहून पुन्हा ठेवला. सायकल वीतभर पुढे गेली आणि ह्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकवले. मग उतरून सायकल बाकाला लावली, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि तळ्याकडे बघत बसले. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. हे उठलेही नाहीत.

मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा हे दचकलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "आलीस?"

"हे कुणाचं?" मी रबर पुढे केलं. इतक्या सगळ्या प्रश्नांतून माझ्या तोंडून तोच निघाला.

ह्यांनी सायकलच्या हँडलकडे बोट दाखवलं. ब्रेकच्या दांडीला तसंच एक रबर सैल गुंडाळलेलं होतं. "ब्रेक दाबून ठेवायला. टपावर चाक फिरत राहतं नाहीतर. लेकीच्या खणात अख्खं पाकीट आहे."

मला हसू यायला हवं होतं. पण माझा आवाज चढला. "डॉक्टरांनी कायमची बंद सांगितली ना? मग हे काय चाललंय?"

हे हेल्मेटचा पट्टा चाळवू लागले. "डॉक्टरांनी नाही सांगितलं," ते म्हणाले. "ते म्हणाले, सपाटीवर हळूहळू सुरू करा, चांगलंच आहे. मलाच जमत नाही. पाय ठेवला की छातीत ते दुखणं आठवतं. दर रविवारी येतो, आज तरी जमेल म्हणून. आणि जमत नाही."

मी विश्वास ठेवणारी नाही. तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "हो गं आई," ती म्हणाली, "मी होते ना आत. बाबा म्हणाले, आईला मी सांगतो. का? सांगितलं नाही?"

मी बाकावर बसले. टपावर संशय घेतला, कबुतरांवर घेतला, जाऊबाईंकडे चौकशी केली, एका केसाच्या रबरावरून नवऱ्याचा संसार दुसऱ्या बाईशी लावून दिला. फक्त 'सायकल कायमची बंद' ह्या एका वाक्यावर मी कधी संशय घेतला नाही. ते मला हवं तसं होतं, म्हणून उजेडाकडे न धरताच मी ते पास केलं होतं. आणि हा माणूस एवढे दिवस एकटा भीत होता.

तेवढ्यात घंटी वाजली. दाढी परत आला होता, पाण्याची बाटली गाडीपाशी विसरला म्हणून. मला बघून तो खाली उतरला.

"वहिनी! आज तुम्हीच पहाऱ्याला? बरोबर आहे. आमचा गडी म्हणतो, बायकोने तळ्याभोवती एकच फेरी मारायची परवानगी दिलीय, घाटात यायचं नाही म्हणून शपथ घातलीय. जरा ढील द्या की हो!"

म्हणजे एवढे दिवस ह्या टोळीत मी खाष्ट बायको होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझं एक वाक्य, आणि ते सगळ्यांपुढे कायमचे तोंडघशी पडले असते. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं.

"एकच फेरी," मी म्हणाले. "आणि आज ती मी डोळ्यांनी बघणार आहे. पार पडली तर पुढच्या रविवारी दोन."

दाढी हसत निघून गेला. मी ब्रेकच्या दांडीवरचं रबर काढलं आणि माझ्या मनगटात घातलं.

"नाही जमलं तर?" ह्यांनी हळूच विचारलं.

"तर उतरा आणि चालत या. मी इथेच आहे."

ह्यांनी पाय ठेवला. सायकल डुगडुगली, डावीकडे झुकली, सावरली. मग चालायला लागली, इतकी हळू की एक म्हातारं कुत्रं पुढे निघून गेलं. हे पाठ ताठ ठेवून, मागे न बघता तळ्याच्या कडेने गेले आणि वळणावरच्या झाडांआड दिसेनासे झाले.

आणि मग भीती मला वाटायला लागली. मी गाडीला टेकून उभी राहिले, दुसऱ्या काठाकडे डोळे लावून. हाताला चाळा हवा म्हणून मी टपावरच्या वाट्यांचे पंप एकेक करून दाबत राहिले. लाल रेघ कुठेच दिसत नव्हती, तरी दाबत राहिले.