नावाचं कडवं

आमची सून मधुवंती भाषा वाचवते. ऑफिसातून आली की लॅपटॉप उघडून आमची चित्पावनी बोली वाचवायला बसते. माझ्या माहेरी हीच बोली, सासरीही हीच. इथे मस्कतमध्ये मात्र घराबाहेर ती बोलणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही. आवाज नको म्हणून मधुवंतीने वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटमधला एसी बंद करून तिच्या आर्काइव्हसाठी माझी गाणी रेकॉर्ड केली. मी घामाघूम झाले, पण खरं सांगते, हुरळूनही गेले.

मग नातीचं बारसं ठरलं. आमच्या घरात बारशाचा पाळणा आजीने म्हणायचा आणि शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव गुंफायचं. ते कडवं दर बाळाला नवं. माझ्या सासूबाईंनी अंबरीशचं, म्हणजे माझ्या मुलाचं, नाव असंच गुंफलं होतं. नातीचं नाव तेजश्री ठरलं होतं; मी आठवडाभर पोळ्या लाटता लाटता तिचं कडवं जुळवत होते. आजी म्हणून तिला द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं.

हॉल पाहुण्यांनी भरला. मी पदर खोचून पाळण्याशी गेले, तर स्पीकरमधून माझाच आवाज सुरू झाला! मागे कुणाची तरी बासरी.

"आई, तुम्ही बसा ना," मधुवंती हळूच म्हणाली. "लाइव्हमध्ये चूक झाली तर? हे एकदम क्लीन आहे."

बसले. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आत्या नाव सांगायला वाकली.

"थांबा, नावाचं कडवं राहिलंय," मी म्हणाले.

"ते आर्काइव्हमध्ये नाहीये, आई."

कसं असेल? नाव आज ठेवायचं होतं! मी अंबरीशकडे पाहिलं. तो घड्याळ बघत म्हणाला, "आई, खलास आता. केटरिंगवाला थांबलाय."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलत सुटले, आमच्या बोलीत. तुला पाळण्यात घातलं तेव्हा तुझ्या आजीला कोणी गप्प बसवलं नव्हतं मेल्या, इथपासून सुरुवात केली.

अंबरीशला सगळं कळत होतं. त्याने मान खाली घातली. "आई, नीट मराठीत बोल ना. लोक बघतायत."

मधुवंती मात्र मोबाइल उंचावत पुढे धावली. डोळे लकाकत होते तिचे.

"आई, प्लीज, परत एकदा! यातले कितीतरी शब्द माझ्याकडे नाहीयेत."

मी तोंड मिटून घेतलं.