सतरा नंबरचा डबा

मालनबाईंनी डबा चौथ्यांदा घासायला घेतला, तेव्हा त्यांच्या सुनेने, तेजस्विनीने, सरळ नळच बंद केला.

"आई, बास आता. डब्यावरचं नाव पुसत आलं घासून घासून. आणि बोटं बघा तुमची."

बोटं सोलवटली होती. मालनबाईंनी ती पदरात लपवली. "झाकणाच्या खाचेत राहतं गं काहीतरी."

खाचेत काही नव्हतं. सासू भांडी घासतेय आणि सून पुरे म्हणतेय, हे सुख कुणाच्या नशिबी येतं? पण तेजस्विनीला ते नको होतं. करोनाची दुसरी लाट ओसरून पाच महिने झाले होते. दवाखान्यात वीस वर्षं आयाचं काम करून ठणठणीत राहिलेल्या मालनबाई आता डोळ्यांदेखत वाळत चालल्या होत्या. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या. वॉर्डात डबे नुसते खणखणले तरी हातातलं काम टाकून बाहेर निघून जायच्या. शेवटी सिस्टरनी त्यांना रजेवर धाडलं आणि दर गुरुवारी कौसर मॅडमकडे जायला बजावलं.

कौसर मॅडम म्हणजे दवाखान्यातल्या माणसांच्या मनाचं दुखणं ऐकून घेणाऱ्या समुपदेशक. वयाने पोरसवदा, पण ऐकण्यात दांडग्या. मालनबाई चार गुरुवार त्यांच्याशी फक्त गुडघेदुखीबद्दल बोलल्या. मॅडमनी तेही मन लावून ऐकलं. पाचव्या गुरुवारी मात्र गुडघ्यांचं सगळं सांगून संपलं, आणि मालनबाईंना सतरा नंबरच्या खाटेबद्दल बोलावंच लागलं.

तेव्हा नातेवाइकांना आत सोडत नव्हते. गेटवर टेबल मांडलेलं असे. घरची माणसं डब्यावर नाव, खाट नंबर आणि फोन लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवून जायची. मालनबाई तो डबा आत न्यायच्या आणि संध्याकाळी धुऊन परत टेबलावर आणून ठेवायच्या. एकदा एका पेशंटचा डबा भरलेलाच परत गेला, आणि त्याची बायको गेटवरच कोसळली. ते मालनबाईंनी पाहिलं. त्याच दिवशी सतरा नंबरला नाथा गांगुर्डे आले. सातपूरच्या कारखान्यात लोखंड कातायचं लेथ यंत्र चालवणारा माणूस. मास्क काढला की ऑक्सिजन झरझर खाली यायचा, त्यामुळे डाळीच्या पाण्याच्या दोन चमच्यांपलीकडे काही पोटात जात नव्हतं. मालनबाईंनी त्यांचा डबा दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत रिकामा केला, लख्ख घासला आणि बाहेर पाठवला. एक दिवस नाही, अकरा दिवस.

बाराव्या दिवशी सकाळी गेटवर ते गेल्याचा निरोप सांगितला गेला. गांगुर्ड्यांची मुलगी टेबलावर हात आपटून ओरडत होती, "काल तर सगळा डबा संपवला होता त्यांनी! असं कसं होईल?" तिची आई शेजारी नुसती उभी होती. मालनबाई किट घालून चार पावलांवर होत्या. त्या तशाच आत वळल्या.

"थोडंसं जरी शिल्लक राहिलं असतं, तर त्यांना अंदाज आला असता ना मॅडम? मनाची तयारी झाली असती. मीच फसवलं त्यांना. आणि गरम भाकरी अशी पिशवीत टाकायची... माझ्या आईने भुईवरचा दाणाही उचलायला शिकवलं होतं मला."

"मावशी, तुम्ही त्यांना धीर देत होतात," कौसर मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हातून काही गुन्हा झालेला नाही."

"तुम्ही माफ करून काय उपयोग? डबा तुमच्या घरचा नव्हता."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरंय. मग ज्यांच्या घरचा होता त्यांच्याकडे जायचंय का? मी येते सोबत."

"नको. माझं मी निस्तरते."

फोन नंबर तोंडपाठ होता. अकरा दिवस चिठ्ठीवर वाचलेला नंबर कुठे जातोय? त्यांनी कशीबशी ओळख सांगितली. पलीकडून सरुबाई गांगुर्डे एवढंच म्हणाल्या, "शनिवारी या. दुपारच्याला."

सातपूरला उतरल्यावर मालनबाईंनी दोनदा परतीच्या बसकडे पाहिलं. पत्र्याचं फाटक उघडून आत गेल्या तेव्हा मुलगी, आरोही, दुसऱ्या पाळीला निघाली होती. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, बिस्किटं मांडली आणि "आई, दवाखान्यातल्या मावशींना जेवल्याशिवाय सोडू नको," असं म्हणून गेली. मालनबाईंना ते बिस्किट हातात धरवेना.

सरुबाईंनी पोरीची पाठ वळेपर्यंत पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाल्या, "बोला आता."

मालनबाईंनी सगळं सांगितलं. मान वर न करता, एका दमात. पिवळी पिशवीसुद्धा. शेवटी म्हणाल्या, "ताई, शिव्या द्या, हाकलून द्या. पण ते जेवत नव्हते. मी खोटं पाठवत होते तुमच्याकडे."

"मला ठाव हाय," सरुबाई म्हणाल्या.

मालनबाईंनी मान वर केली.

"चौथ्या दिवशी गाडीवर शेपूशिवाय भाजीच नव्हती. म्हणलं, आजारी माणूस हाय, खाईल तरी. अहो, तेहतीस वर्षांत त्यांनी शेपूला हात नाय लावला. शेपू शिजला की घराबाहेर जाऊन बसायचे. आणि डबा आला चाटूनपुसून. मी तिथंच गेटवर समजले."

"मग... तरी रोज पाठवत राहिलात?"

"न पाठवून काय करू? आत तर कोणी सोडत नव्हतं." सरुबाईंनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "घरी येऊन झाकण उघडून बघायची. खाचेत कण नसायचा. मी म्हणायची, जे कोणी डबा एवढा घासतंय, ते माझ्या माणसाकडं पण बघत असंल. त्या भरवशावर झोपायची मी. पोरीला मात्र बोलले नाय. तिला वाटतं, तात्या जेवून गेले. तसंच ऱ्हाऊ द्या."

मालनबाईंना रडू आवरेना. पाच महिने जे अडून बसलं होतं, ते त्या परक्या घरात, बिस्किटांसमोर, वाहून गेलं. सरुबाईंनी त्यांना रडू दिलं. मध्येच मालनबाई थांबल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "शेपू होय! तरीच!"

"काय?"

"रोज त्यांच्या उशाशी झाकण उघडून दाखवायचे मी. म्हणायचे, भाऊ, घरून आलंय बघा. खाता नाही तर नाही, वास तरी घ्या. चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि त्यांनी असा चेहरा वाकडा केला... मला वाटलं, छातीत कळ आली! सिस्टरला हाका मारत पळाले मी. डॉक्टर धावत आले. आणि हे मानेने नाही नाही म्हणतायत, डब्याकडे बोट दाखवतायत!"

सरुबाई हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग मोठ्याने, आणि हसता हसताच त्यांना हुंदका फुटला.

"नाक कसं केलं? असं? डाव्या बाजूला?"

"मास्क होता, पण डोळे मिटून घेतले गच्च."

"तेच. तेच ते. आजारपणात सुदीक खोड गेली नाय." त्या जवळ सरकल्या. "ताई, तेहतीस वर्षं संसार केलेला माणूस मी गेटवर सोडला, आणि मग एकदम बांधलेलाच दाखवला मला, लांबून. मधले अकरा दिवस माझ्याकडं नाहीत. त्या दिवसांतलं मला कोणी काय सांगत नाय. डॉक्टर आकडे सांगतात. तुम्ही होतात ना तिथं? मग मला पयल्या दिवसापासून सांगा. गोड करून नका सांगू."

मालनबाईंनी पदर सावरला. एवढे दिवस जे विसरायची धडपड चालली होती, ते आता एकेक करून आठवायचं होतं. पहिल्या दिवशी गांगुर्ड्यांनी चपला खाटेखाली नीट जोडीने ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरचं पोर घाबरून रडत होतं, त्याला यांनी हाताने खुणा करून लेथ कसं फिरतं ते दाखवलं. सहाव्या दिवशी दाढी टोचत होती, ती मालनबाईंनी कात्रीने बारीक केली, एका बाजूला जरा जास्तच. आठव्या दिवशी ते कुणाला ओळखत नव्हते. ते सांगताना मालनबाई अडखळल्या. सरुबाई म्हणाल्या, "थांबू नका." नवव्या दिवशी त्यांनी मालनबाईंना 'सरू' म्हणून हाक मारली, आणि मालनबाईंनी 'ओ' दिली.

"बरं केलं," सरुबाई म्हणाल्या.

दहावा दिवस सांगून झाला, तेव्हा बाहेर गल्लीत पोरं खेळायला जमली होती. सरुबाई उठल्या. त्यांनी दार लोटून आतून कडी घातली, पंखा बंद केला आणि पुन्हा मालनबाईंच्या समोर येऊन मांडी घालून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता अकरावा."