मी बूच, लेबलावरचा सुबेर

मी बूच बोलतोय. दुसऱ्यांची तोंडं बंद करणारा स्वतःच बोलायला लागला म्हणून दचकू नका. जन्मभर बाटलीच्या तोंडात बसून ऐकत आलो, आता थोडं माझंही ऐका.

माझा जन्म झाडाच्या सालीतून झाला. ते झाड असं, की साल सोलून नेली तरी मुकाट्यानं नवी धरतं. इतकं सोसणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. लॅटिनमध्ये त्या झाडाला आणि सालीला 'सुबेर' म्हणतात. हे मला कळलं तेलवाल्या काकांच्या फजितीमुळे.

काका बुचाच्या फुलांचं सुवासिक तेल काढायचे. ते लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचं बूच वेगळं, मी वेगळा. आमचं रक्ताचं नातं नाही, नुसतं आडनाव एक. पण मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई माल बघायला येणार होत्या, आणि त्या नाही म्हणाल्या की काकांच्या भट्टीला कुलूप. म्हणून काकांना नव्या लेबलावर भारदस्त नाव हवं होतं. त्यांनी मास्तर मेहुण्याला फोन लावला.

"बुचाला लॅटिनमध्ये काय म्हणतात रे?"

"सुबेर."

"वा! काय रुबाब आहे!" काकांनी फोन ठेवलासुद्धा. कुठलं बूच, हे ना यांनी सांगितलं, ना त्यानं विचारलं.

बाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी माझ्या बाटलीवरचं लेबल वाचलं.

"सुबेर? अहो, म्हणजे बाटलीचं बूच! तुम्ही बुचं पिळून तेल काढता की काय?"

काका म्हणजे दिवसभर टकळी चालवणारा माणूस, पण तोंडाला बूच बसलं. आईशप्पथ, मी जागचा हललो नव्हतो.

"त्या मेहुण्यानं..." काका कसेबसे पुटपुटले.

"माझ्या भावाला बोल लावायचा नाही हं! प्रश्नच अर्धा विचारलात," असं म्हणत काकू पुढे आल्या. "बाई, तुम्ही वाचू नका. हुंगा." आणि त्यांनी मला चक्क दातांनी उपटलं.

बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"माल पाठवा," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि लेबलावर सरळ 'बुचाच्या फुलांचं तेल' लिहा."

काकूंच्या दाताचा ठसा उमटल्यामुळे मला पुन्हा बाटली मिळाली नाही. हल्ली मी शिवणाच्या डब्यात असतो, अंगात सतरा सुया. सुबेरच्या लेबलांमागे काका भाजीची यादी लिहितात.

माझा राग नाही. छापील नाव मिळालं तेव्हा सौदा बुडत होता. मी बाजूला झालो तेव्हा तरला. तेव्हा मंडळी, नावाची चौकशी सवडीनं करा. आधी मला उपटा.