रहीमचा डावा गाल

अकरमला स्पॅनिशमधला एकच शब्द यायचा आणि तो त्यानं अख्ख्या वडशात वापरून झिजवला होता. ताडोब्यात जीप चालवताना स्पेनच्या एका बाईंच्या पायाला गांधीलमाशी डसली, तेव्हा त्या पायाकडे बोट दाखवून ‘इंचासोन’ म्हणत राहिल्या. इंचासोन म्हणजे सूज, एवढं अकरमला कळलं. तेव्हापासून पुरी फुगली की इंचासोन, पावसाळ्यात दार चौकटीत अडकलं की इंचासोन, वैनगंगा चढली तरी इंचासोन. त्याच्या बहिणीचा नवरा रहीम कित्येक हिवाळे नाटकांत पडदे ओढत होता. त्याला अखेर हीरोचं काम मिळालं, तेव्हा त्याच्या छातीलाही अकरमनं तेच नाव दिलं.

रहीमची बायको नूरी पहिल्यांदाच त्याचं नाटक पाहायला येणार होती. नेमक्या त्याच दुपारी मांडवाच्या बांबूतली गांधीलमाशी रहीमच्या डाव्या गालावर उतरली.

“दुल्हाभाई,” अकरम गाल निरखून म्हणाला, “हे खरं इंचासोन. बाकी समदा सराव होता.”

“नूरीले हे तोंड दाखवू काय?” रहीम रडकुंडीला आला.

कंपनीचे मालक दादाजी शांतपणे पान लावत होते. “बाया तुह्या उजव्या हाताले बसतेत, मानसं डाव्या. तू मानसाइकडं तोंड ठेव. बायाइले उजवा गालच दिसते.”

रहीमनं तसंच केलं. नायिकेला माणसांच्या बाजूला उभं केलं. माणसांच्या बाजूनं आत येताना बायांना डावा गाल दिसू नये म्हणून तो दर प्रवेशाला उलटा चालत आला. खलनायकाचा मार तिसऱ्या अंकात होता आणि गाल पहिल्याच अंकात सुजलेला. “लेखकानं आधीच सांगून टाकलं,” माणसांत कुणीतरी कुरकुरलं.

सकाळी घरी नूरी चुलीपाशी बसलेली.

“कसं झालं?” रहीमनं उजवा गाल पुढे करत विचारलं.

“झालं बरं. पन तुमी सारी रात मानसाइकडंच पाहून राह्यले होते. माह्याकडं येकडावही नाई.”

रहीमचा नाइलाज झाला. त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं, पूर्ण.

नूरीनं गाल पाहिला. मग उठून हळद-चुना कालवला, गरम केला आणि बोटानं हळूहळू त्याच्या गालावर लावू लागली.

“अकरमचा तो शबद हाच काय?”

“हाच.”

“पुढच्या खेळाले,” ती म्हणाली, “मी मानसाइत बसतो.”