हळू बोलायची शिकवणी

माझे भावजी लाकडाच्या वखारीत कामाला. दिवसभर करवतीच्या वरताण ओरडायची सवय. घरी येऊन त्यांनी मीठ मागितलं, तर शेजारचेच घेऊन येतील अशी गत. ताईही काही कमी नाही. चार वर्षांची लेक दोघांवर गेलेली.

थंडीत तिला न्यूमोनिया झाला. सहा दिवस घशातून श्वासाची नळी घालून ठेवावं लागलं. पोर वाचली, घरी आली, पण आवाज घोगरा, मध्येच गायब होणारा. जिना चढली की श्वास शिट्टीसारखा वाजायचा.

"सर्दी असेल," भावजी म्हणाले. ताईने ऐकलं नाही, घशाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही गेले. बाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं.

"नळीने जीव वाचवला, पण आत थोडं घासलंही. सूज आहे, स्वरतंतूवर छोटी गाठ आहे. बहुतेक औषधाने उतरेल. श्वासाला त्रास वाटला तर लगेच आणा. आणि ओरडणं बंद."

"ऐकलंस ना?" भावजींनी लेकीला दटावलं.

"तिला नाही, तुम्हाला सांगतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मूल घरच्यांसारखंच बोलतं."

झालं. घरात सगळे कुजबुजायला लागले. ताई भाजी चिरताना अशी कुजबुजली की मला वाटलं, सासूची चुगली करतेय. पुढच्या खेपेला बाईंनी तेही बंद केलं. कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो म्हणे. साधं, हळू बोला.

साधं म्हणजे कसं, हेच भावजींना ठाऊक नव्हतं. ते लेकीने शिकवलं. त्यांचा आवाज चढला की ती सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. एकदा मालकाशी फोनवर बोलतानाही ठेवला. मालकाला वाटलं, फोन कटला.

चार महिन्यांनी गाठ जिरली. श्वास मोकळा झाला, आवाज मात्र जरा जाडसर राहिला.

"थोडा राहीलही असाच," बाई म्हणाल्या. ताईचे डोळे भरून आले.

पोरीला त्याचं काही नव्हतं. ती दुर्बिणीवर रुसली होती. परतताना भावजी गाडीत तिची समजूत घालत होते, इतक्या हळू की मागे बसलेल्या मला एक अक्षर कळलं नाही.