न पोचलेला स्वेटर

आमच्या आईने जन्मभर स्वेटर विणले आणि जन्मभर ती थंडीने कुडकुडली. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो आमच्या घरी होता. मेंढीची लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, आणि मग गोल गोल विणत न्यायची, कुठे शिवण म्हणून नाही. छातीवर पंख पसरलेला गरुड, तो आजीकडून आलेला. स्वेटर सुयांवरून उतरला की डंकन गावातल्या दुकानात जायचा आणि त्याचं पीठ, बटाटे, आमचे बूट व्हायचे. आम्ही कोविचन, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. आमच्या बायकांच्या हातच्या स्वेटरात पाऊस सहजी शिरत नाही, आणि बापाचा स्वेटर मुलगा घालतो. आई मात्र चर्चने वाटलेलं पातळ जाकीट घालून अंगणात लोकर धुवायची. विचारलं की म्हणायची, पुढच्या हिवाळ्यात माझा.

शेवटच्या हिवाळ्यात तिने खरंच स्वतःसाठी विणायला घेतला. एक बाही राहिली आणि ती गेली. ती बाही मी पुरी केली. माझे टाके जरा घट्ट आहेत, नीट पाहिलं तर कळतं.

वर्ष झालं की आम्ही गेलेल्या माणसासाठी आग पेटवतो. त्याचे कपडे, त्याच्या आवडीचं जेवण आगीत द्यायचं. इथे जळतं ते तिकडे त्याला मिळतं. आईला काय द्यायचं यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. निदान तिकडे तरी तिला ऊब मिळावी, एवढीच माझी इच्छा होती.

धाकटी बहीण आर्लीन नानाइमोहून आली ती अडूनच बसली. आईने विणलेले सगळे स्वेटर परक्यांच्या अंगावर गेले, आपल्याकडे हा एवढा एकच राहिला, तो जाळायचा नाही, असं तिचं म्हणणं. त्याच्या बदली तिने मॉलमधून एक स्वेटर आणला होता. लांबून पाहिलं तर थेट आमच्यासारखा. हातात घेतला तर अंगाला चिकटणारा प्लास्टिकचा धागा आणि दोन्ही बाजूंना मशीनची शिवण. असले स्वेटर आले आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या सुया पेटीत गेल्या. तेव्हा माझं डोकं तापलं तर नवल नाही.

"ताई, चित्र तर तेच आहे ना," ती म्हणाली. "शेवटी दोन्हीची राखच व्हायची."

"हा गरुड आहे होय? मला कोंबडी वाटली."

ती हसली नाही. आईच्या स्वेटरात तोंड खुपसून रडायला लागली. त्याला अजून आईचा वास होता, चुलीच्या धुराचा आणि मेंढीचा. मग मी हट्ट सोडला. तिचं दुखणं खोटं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो जाळणं माझ्याही जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरामागे लाकडं रचली. आईचे चुलतभाऊ पर्सीमामा आले. आगीचं काम त्यांच्याकडे असतं, कारण पलीकडची माणसं त्यांना जाणवतात. हवेत गारठा होता. आर्लीन आईचा स्वेटर घालून उभी राहिली. धुरी दिलेला सॅमन मासा, बटाटे, भरपूर साखर घातलेला चहा, आईचे झगे, सगळं एकेक करून गेलं. मग आर्लीनने मॉलचा स्वेटर मामांच्या हातात दिला.

तो नीट जळेचना. आधी आक्रसला, मग थेंब थेंब गळायला लागला. काळा धूर वर जायचं सोडून आमच्याच अंगावर आला आणि टायर पेटल्यासारखी घाण सुटली. मुलं खोकत मागे सरली. मोठ्यांनी माना खाली घातल्या.

मामा आगीजवळ वाकले.

"पोरींनो, हे गेलं नाही," ते हळूच म्हणाले. "ती हात पुढे करून उभी आहे. हातात काही पडलं नाही तिच्या."

"थंडी वाजतेय का तिला?" आर्लीनने विचारलं.

"वाजतेय."

आर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण हो म्हणायचा मला धीर नव्हता. तिने स्वेटर डोक्यावरून काढला, एकदा छातीशी धरला आणि मामांना दिला. लोकर पटकन पेट घेत नाही. केस जळल्यासारखा वास येत राहिला, आणि गरुड कितीतरी वेळ दिसत होता. माझी घट्ट बाही सगळ्यात शेवटी गेली. मग हातात धरली तर भुकटी होईल अशी राख उरली. मामांनी मान हलवली. आर्लीन पातळ शर्टात कुडकुडत उभी होती, अगदी आईसारखी. मी माझं जाकीट दिलं तर तिने घेतलं नाही.

त्या जागेवरचं काही उचलायचं नसतं. हिवाळाभर पाऊस पडला, राख मातीत मुरली, आता तिथे गवत आलं आहे. मधोमध मॉलच्या स्वेटरचा वितळून थिजलेला काळा गोळा मात्र तसाच आहे, त्यात पंखाची एक पांढरी रेघसुद्धा दिसते. मी जाईन, आर्लीन जाईल, तो राहील. आईच्या हातचं आता आमच्याकडे काही नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो गोळा रोज दिसतो.